घरपट्टी कोणी भरायची? मालमत्ता कराच्या जबाबदारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरात मालमत्ता कर, पुण्यात मिळकतकर आणि गावाकडे घरपट्टी अशी नावे बदलत असली, तरी घराघरांत उठणारा प्रश्न एकच असतो: हे बिल नेमके कोणाचे? घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू करारनामा पुढे करतो, घर विकून गेलेला माणूस फोन उचलत नाही आणि पालिकेचा कर्मचारी दारावर नोटीस चिकटवून निघून जातो. पुढील उत्तरे महाराष्ट्रातील राहत्या घरांपुरती आहेत. गोव्यातील पंचायती आणि पालिका यांचे कायदे वेगळे असल्याने तेथील वाचकांनी ही उत्तरे जशीच्या तशी लागू करू नयेत.

मालमत्ता कर भरण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे?

आधी आपले घर कोणत्या कायद्याखाली येते ते पाहावे. बृहन्मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, राज्यातील इतर महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम, तर खेडेगावांना १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. पुणे, खडकी किंवा देवळाली यांसारख्या छावणी क्षेत्रांचा कारभार केंद्राच्या कायद्यावर चालतो.

महानगरपालिकांच्या कायद्यांत यासाठी ‘प्राथमिक दायित्व’ ही कल्पना वापरली आहे. १९४९ च्या अधिनियमातील कलम १३९ आणि मुंबईच्या अधिनियमातील कलम १४६ यांचा आशय जवळपास सारखाच आहे. घर भाड्याने दिले असेल, तर ते देणाऱ्यावर प्राथमिक दायित्व असते. भाड्याने घेणाऱ्याने ते पुढे पोटभाड्याने दिले, तर त्या साखळीतील वरच्या देणाऱ्यावर असते. घर कोणालाच दिलेले नसेल, तर ते भाड्याने देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्यावर असते. सामान्य घरात या तिन्हींचा अर्थ ‘मालक’ असाच निघतो. तरीही कायद्याने सरळ ‘मालक’ न म्हणता ‘भाड्याने देण्याचा हक्क असलेली व्यक्ती’ असे म्हटले आहे, कारण मालकी कोणाची हा वाद दिवाणी न्यायालयात वीस वर्षे चालला, तरी तोपर्यंत पालिकेला कर वसूल करता आला पाहिजे.

याला दोन मोठे अपवाद आहेत. घर थेट सरकारकडून किंवा महानगरपालिकेकडून घेतलेले असेल, तर प्रत्यक्ष राहणाऱ्याकडूनच कर घेतला जातो. तसेच जमीन एका वर्षाहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर दिली असेल आणि पट्टेदाराने तिच्यावर बांधकाम केले असेल, तर जमीन आणि इमारत दोन्हींचा कर पट्टेदाराने द्यायचा असतो. नवी मुंबईतील घरांच्या जमिनी बव्हंशी सिडकोच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आहेत. ‘जमीन सिडकोची, तर कर आम्ही का भरायचा’ या तिथल्या जुन्या तक्रारीचे उत्तर या दुसऱ्या अपवादात आहे.

बिल माझ्या नावावर येते. याचा अर्थ घर कायद्याने माझे झाले का?

नाही. करआकारणीच्या नोंदी वसुलीसाठी ठेवल्या जातात. त्यांनी मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यांच्या आधारे. घरपट्टीची तीस वर्षांची पावत्यांची चळत ताबा दाखवायला उपयोगी पडते हे खरे आहे, पण केवळ तिच्या जोरावर घर नावावर झाले असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात कमी येते. बिलावर आपले नाव नाही म्हणून आपली जबाबदारीही नाही, असे मानता येत नाही. मालकाचा रकाना आणि भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना हे वेगळे असतात, हे ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, स्पष्ट दिसते. दोन्ही रकाने डोळ्याखालून घालावेत.

मी घर भाड्याने दिले आहे. करारात ‘कर भाडेकरू भरील’ असे लिहिले, तर मी मोकळा होतो का?

भाडेकरूपुरते तुमचे म्हणणे बरोबर ठरेल, पालिकेपुरते नाही. दोन व्यक्तींनी आपसांत केलेला करार पालिकेवर बंधनकारक नसतो. भाडेकरूने पैसे भरले नाहीत, तर मागणीची नोटीस तुमच्या नावाने निघेल आणि व्याजासारखी वाढत जाणारी शास्तीही तुमच्याच खात्यावर चढेल. त्यानंतर करारातील अटीच्या आधारे ती रक्कम भाडेकरूकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो, पण तो वाद तुम्हा दोघांचा असतो.

आजकाल शहरांत बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. त्यांत सर्वसाधारणपणे मालमत्ता कर आणि सोसायटीचे शुल्क घरमालकाकडे, तर वीज, गॅस आणि इंटरनेट राहणाऱ्याकडे अशी वाटणी असते, आणि ती व्यवहार्यही आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार असा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यामुळे कर कोण भरणार, कराचा दर मधेच वाढला तर वाढ कोण सोसणार, हे त्याच करारात एका वाक्यात लिहून टाकावे. तोंडी ठरवलेले पुढे दोघांनाही वेगवेगळे आठवते.

प्राप्तिकराचा मुद्दाही येथेच पाहून घ्यावा. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कराची वजावट मिळते, पण तो मालकाने स्वतः आणि त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा लागतो. भाडेकरूने परस्पर भरलेल्या कराची वजावट मालकाला मागता येत नाही. म्हणून ‘तूच भर आणि भाड्यातून कापून घे’ अशी सोय करण्याआधी आपल्या करसल्लागाराला विचारावे.

घरमालकाने कर थकवला, तर पालिका भाडेकरूच्या दारात येऊ शकते का?

येऊ शकते, पण काही मर्यादा पाळून. प्राथमिक दायित्व असलेल्या व्यक्तीने बिल भरले नाही, तर महानगरपालिका भोगवटादाराकडून, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याकडून, त्याच्या वाट्याइतका कर मागू शकते. घरात अनेक भाडेकरू असतील, तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात निघतो. अशा वसुलीला कायद्याने दोन कुंपणे घातली आहेत. एक वर्षापेक्षा जुनी थकबाकी भोगवटादाराकडून मागता येत नाही. ज्या काळात तो त्या घरात राहतच नव्हता, त्या काळाचा करही त्याच्याकडून घेता येत नाही.

भाडेकरूच्या बाजूने आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. अशा मागणीवरून त्याने पालिकेला दिलेली रक्कम तो भाड्यातून वळती करून घेऊ शकतो. तसे करताना पालिकेची नोटीस आणि पैसे भरल्याची पावती यांची प्रत घरमालकाला पत्रासोबत पाठवावी. नाहीतर उद्या हेच भाडे ‘थकलेले’ म्हणून दाव्यात उभे राहील. मुंबईतील पागडीच्या जुन्या चाळींमध्ये हा प्रकार जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे करासोबत म्हाडाचा दुरुस्ती उपकरही येतो आणि करवाढीचा काही भाग भाड्यात मिळवण्याची मुभा मालकाला भाडे नियंत्रण कायद्याने दिलेली आहे. अशा चाळीतील भाडेकरूंनी भाडेपावतीवर भाडे, कर आणि उपकर वेगवेगळे दाखवून घ्यावेत.

मी घर विकून तीन वर्षे झाली, तरी थकबाकीची नोटीस मलाच का येते?

खरेदीखत नोंदवले की पालिकेतील नाव आपोआप बदलले, असा समज सर्वत्र आहे. कायदा मात्र तसे गृहीत धरत नाही. १९४९ च्या अधिनियमाच्या करआकारणी नियमांत आणि मुंबईच्या अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये असे सांगितले आहे की हस्तांतरण झाल्यावर विकणारा आणि घेणारा या दोघांनीही तीन महिन्यांच्या आत आयुक्तांना लेखी कळवावे. ‘दोघांनीही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हे काम विकत घेणाऱ्याचे आहे असे समजून विकणारा निर्धास्त होतो, आणि नेमका त्याचाच पाय अडकतो. कळवले नाही, तर नोंद होईपर्यंत जुन्या मालकाचे दायित्व चालूच राहते. नवा मालकही त्यामुळे सुटत नाही, कारण कर घरावर बसलेला असतो.

म्हणून घर विकताना पुढील खटाटोप विकणाऱ्याने स्वतः करावा: खरेदीखताची आणि इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या व्यवहाराच्या उताऱ्याची) प्रत जोडून करसंकलन कार्यालयात अर्ज द्यावा, त्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि ती पोच जपून ठेवावी. अनेक महानगरपालिकांत नोंदणी कार्यालयाची माहिती आता संगणकावरून पोहोचते आणि नाव बदलण्याची सोय ऑनलाइन झाली आहे. तरीही पोच हातात असल्याखेरीज नाव बदलले असे मानू नये, कारण अर्ज ‘प्रलंबित’ राहिलेल्या काळातील बिल जुन्याच नावाने निघते.

विकत घेतलेल्या घरावर मागच्या मालकाची थकबाकी निघाली. ती मी भरायची का?

बहुतेक वेळा शेवटी तुम्हालाच भरावी लागते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ नुसार आणि मुंबईच्या कलम २१२ नुसार मालमत्ता कर हा त्या जमीन-इमारतीवरील पहिला बोजा असतो. त्याच्या आधी फक्त शासनाचा जमीन महसूल येतो. थकबाकी माणसासोबत दुसऱ्या गावी जात नाही, ती भिंतींना चिकटून राहते. पालिका पाहते ते घराकडे, तुमच्या व्यवहाराकडे नाही.

या नियमाला एक वळण आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. अहमदाबाद महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये याच अधिनियमाच्या कलम १४१ चा विचार केला होता. त्या काळी हा अधिनियम गुजरातमध्येही लागू होता. लिलावात घर घेणाऱ्याला जुन्या कराची कल्पना नव्हती. मोबदला देऊन आणि बोज्याची माहिती नसताना घर घेणाऱ्याविरुद्ध असा बोजा बजावता येत नाही, कारण कायद्यात तसे स्पष्ट म्हटलेले नाही, असा निर्णय न्यायालयाने मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० च्या आधारे दिला. हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. माहिती ‘असायला हवी होती’ की नाही हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न असतो. आज मिळकत क्रमांक टाकला की थकबाकी दोन मिनिटांत मोबाइलवर दिसते, तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे न्यायालयाच्या गळी उतरवणे पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण आहे.

बँकेच्या लिलावातून घर घेणाऱ्यांनी तर जाहीर सूचनेतील अटी शब्दशः वाचाव्यात. तेथे घर ‘आहे त्या स्थितीत’ विकले जाते, आणि ज्ञात-अज्ञात देणी खरेदीदाराने द्यायची असे बहुधा लिहिलेले असते. घर स्वस्त दिसण्यामागे कधी कधी हीच अट असते.

खासगी व्यवहारात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम खरेदीदाराच्या मदतीला येतो. कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल, तर विक्रीच्या तारखेपर्यंत देय झालेले सार्वजनिक कर विकणाऱ्याने द्यायचे असतात आणि मालकी हस्तांतरित झाल्यानंतरचे घेणाऱ्याने. त्यामुळे पालिकेला भरलेली जुनी रक्कम विकणाऱ्याकडून मागता येते. अडचण एवढीच की त्यासाठी त्याला शोधून काढावे लागते. त्यापेक्षा खरेदीखताआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागणे आणि तो न मिळाल्यास तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून राखून ठेवणे हे शहाणपणाचे.

घर वर्षाच्या मध्यावर विकले, तर त्या वर्षाचा कर कसा वाटून घ्यावा?

महानगरपालिकेचा कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो. समजा वर्षाचा कर १२,००० रुपये आहे आणि १ नोव्हेंबरला खरेदीखत झाले. व्यवहारात लोक महिन्यांचा हिशेब करतात: विकणाऱ्याचे सात महिन्यांचे ७,००० आणि घेणाऱ्याचे पाच महिन्यांचे ५,०००. कायद्याचे शब्द काटेकोर वाचले, तर दुसरा हप्ता १ ऑक्टोबरलाच देय झाला होता, म्हणजे विकणाऱ्याने पूर्ण १२,००० द्यावे असा युक्तिवाद होऊ शकतो. दोन्ही बाजूंना महिन्यांची वाटणी न्याय्य वाटत असेल, तर ती करारात लिहावी.

नव्या इमारतीतील घराचा कर बिल्डरने भरायचा की आम्ही?

ताबा देईपर्यंत बिल्डरने. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे ‘रेरा’, यातील कलम ११ नुसार घराचा प्रत्यक्ष ताबा ग्राहकाला किंवा संस्थेला देईपर्यंत कर, पाणीपट्टी आणि तत्सम सर्व देणी प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरायची आहेत. ग्राहकांकडून त्यासाठी पैसे घेतले आणि पालिकेत भरले नाहीत, तर हस्तांतरणानंतरही तो जबाबदार राहतो. सदनिकांच्या मालकीविषयीच्या राज्याच्या १९६३ च्या कायद्यातही, म्हणजे ‘मोफा’मध्येही, अशीच तरतूद होती. ताबा मिळाल्यानंतर मात्र आपल्या वाट्याचा पालिका कर देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे, असे त्याच रेरा कायद्याच्या कलम १९ मध्ये म्हटले आहे.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो ताबा आणि स्वतंत्र आकारणी यांमधल्या काळात. बिल्डर ताबा देताना बारा किंवा चोवीस महिन्यांचे आगाऊ शुल्क घेतो, घरांची स्वतंत्र आकारणी व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि मग पालिका मागील काळाचे एकत्रित बिल पाठवते. आमच्या ओळखीतील एका संस्थेला असे बिल आले, तेव्हा आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशेब बिल्डरकडे मागण्यासाठी सहा पत्रे लिहावी लागली. आगाऊ रकमेत मालमत्ता कर समाविष्ट आहे का, असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, हे ताबापत्रावर लिहून घ्यावे.

सोसायटीने एकत्र बिल भरले, पण काही सभासद आपला वाटा देत नाहीत. मग जबाबदार कोण?

मुंबईत अनेक इमारतींचे बिल गृहनिर्माण संस्थेच्या नावाने निघते, तर पुण्यात बहुधा प्रत्येक सदनिकेचे वेगळे असते. बिल संस्थेच्या नावावर असेल, तर पालिकेपुढे संस्था उत्तरदायी असते. एका सभासदाने हात आखडता घेतला म्हणून पालिका बाकीच्यांचा वाटा वेगळा काढून घेत नाही, आणि उशिराची शास्ती संपूर्ण रकमेवर बसते. संस्थेने पूर्ण कर वेळेत भरावा आणि थकवणाऱ्या सभासदाकडून सहकारी संस्थांच्या वसुलीच्या मार्गाने तो मिळवावा.

वाटणी कशी करावी यावर वार्षिक सभांत भांडणे होतात. आदर्श उपविधींनुसार मालमत्ता कराचा वाटा पालिकेने त्या सदनिकेला लावलेल्या आकारणीप्रमाणे घ्यायचा असतो, सर्वांना सारखा नव्हे. म्हणून एकाच आकाराच्या दोन घरांपैकी एकात दवाखाना असेल, तर वाढीव कर दवाखान्याच्या मालकाने सोसायचा. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून संस्था बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या कमाल दहा टक्के असू शकते आणि ते काढताना पालिकेचे कर सेवाशुल्कात धरता येत नाहीत. काही संस्था हिशेबात नेमकी हीच चूक करतात, तेव्हा बिल तपासून घ्यावे.

वडील गेले. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. आम्हा चार भावंडांपैकी कर कोणी भरायचा?

मृत व्यक्तीच्या नावाने बिल येत राहते, आणि ‘नाव बदलेपर्यंत कोण भरणार’ या वादात वर्षे जातात. घराचा हक्क मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे गेलेला असतो. महानगरपालिकांच्या नियमांनुसार ज्यांच्याकडे हक्क आला, त्यांनी मृत्यूपासून एका वर्षात पालिकेला कळवायचे असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसा दाखवणारी कागदपत्रे लागतात. मृत्युपत्र असेल तर तेही.

भावंडांमध्ये ज्याचा जितका हिस्सा, तितका त्याचा वाटा हा न्याय्य हिशेब झाला. घरात एकटा राहणारा भाऊ फायदा उपभोगतो म्हणून त्याने पूर्ण कर भरावा, असे इतरांनी म्हणणे व्यवहाराला धरून आहे. तो म्हाताऱ्या आईचे करत असेल, तर त्याच्याकडे वाटा मागण्याआधी दहा वेळा विचार करावा, हेही घराघरांतले सत्य आहे. पालिकेला या कौटुंबिक गणिताशी देणेघेणे नसते. पूर्ण रक्कम एकाने भरली, तर बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागण्याचा हक्क त्याला आहे. मात्र वर्षानुवर्षे कर भरला म्हणून बहिणींचा हिस्सा संपत नाही. पावती कोणाच्याही हाताने भरलेली असली, तरी घर सर्व वारसांचेच राहते.

नामनिर्देशित व्यक्तीबद्दलही हाच गैरसमज आहे. सोसायटीत नामांकन ज्याच्या नावे आहे त्याने कर भरून हप्ते चालू ठेवावेत हे योग्यच, पण त्यामुळे इतर कायदेशीर वारसांचा हक्क आणि त्याबरोबर येणारा भार नाहीसा होत नाही.

गावाकडच्या घराचे काय? तेथे कोणी राहतच नाही.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायत इमारती आणि जमिनींवर कर बसवते. आकारणी नमुना ८ मध्ये आणि मागणी नमुना ९ मध्ये नोंदवली जाते. शासनाच्या ‘घर दोघांचे’ या धोरणामुळे अनेक गावांत नमुना ८ वर पतीसोबत पत्नीचे नावही लागले आहे. कुलूप लावून मुंबईला गेलात म्हणून कर थांबत नाही, आणि आजोबांच्या नावाचे घर कोणा एका चुलत्याच्या माथी मारूनही सुटका होत नाही.

गावातील थकबाकीला आणखी एक धार आहे, ती निवडणुकीची. कलम १४ नुसार पंचायतीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर किंवा फी न भरणारी व्यक्ती पंचायतीची सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढे असे आहे की अविभक्त हिंदू कुटुंबातील एका सदस्याने कर थकवला, तर तो सर्वच सदस्यांना बाधतो. म्हणजे धाकट्या भावाने कर भरला नाही आणि कुटुंब कायद्याने विभक्त झालेले नाही, तर सरपंचपदाकडे डोळे लावून बसलेल्या थोरल्याचे पद धोक्यात येऊ शकते. निवडणूक जाहीर झाली की ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घरपट्टी भरायला रांग लागते, ती उगाच नव्हे. विभक्त राहणाऱ्यांनी वाटणीपत्र करून नमुना ८ वर वेगळी नोंद करून घेतली, तर या बाबतीत तरी एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी येत नाही.

मुले परदेशात आहेत आणि पुण्यातील घर बंद आहे. सवलत मिळते का?

जबाबदारी मालकाचीच राहते, मग तो सॅन होजेत असो वा सदाशिव पेठेत. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत दिली जाते. ही सवलत १९७० पासूनची. मधल्या काळात ती बंद झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून शासनाच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. घरात आपण स्वतः राहतो हे पीटी-३ अर्जाने दाखवावे लागते. घर भाड्याने दिले, तर ही सवलत गमवावी लागते, हे भाडे ठरवतानाच लक्षात घ्यावे. नाहीतर वाढलेला कर कोणी द्यायचा यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जुंपते.

परदेशी मालकाने येथील विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र दिले, तरी ती व्यक्ती केवळ त्याच्या वतीने भरणा करणारी असते. थकबाकीची नोटीस मालकाच्याच नावाने निघते. मिळकत क्रमांकाला स्वतःचा चालू मोबाइल आणि ई-मेल जोडून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय.

गृहकर्ज चालू आहे आणि घर बँकेकडे गहाण आहे. कर बँकेने भरायचा का?

नाही. ताबा कर्जदाराकडे असेपर्यंत कर त्यानेच भरायचा. बँकेने ताबा घेतल्यास चित्र बदलते. कर पहिला बोजा असल्याने बँकेलाही त्याची धास्ती असते, म्हणून कर्ज देताना बँका कराची पावती मागतात.

अनधिकृत बांधकामावर कर भरला, तर ते नियमित होते का?

होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीएवढी शास्ती दरवर्षी बसू शकते. पिंपरी-चिंचवडमध्ये याच ‘शास्तीकरा’ने दशकभर राजकारण तापवले. कर आणि शास्ती दोन्ही भरूनही बांधकाम अनधिकृतच राहते. अशा घराचा खरेदीदार ‘कराची पावती आहे’ या आश्वासनावर पैसे मोजत असेल, तर त्याने आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे.

कोणाला करातून सूट आहे?

मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट किंवा त्याहून कमी चटई क्षेत्राच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. माजी सैनिक आणि शहिदांच्या पत्नींना राज्याच्या योजनेतून एका घरापुरती सूट मिळते; ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या वास्तूंना सर्वसाधारण करातून वगळले आहे, पण घरातल्या देवघराला तो नियम लागत नाही.

आकारणीच चुकीची आहे. वाद मिटेपर्यंत भरणा थांबवावा का?

थांबवू नये. आकारणीच्या विशेष नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी, सुनावणीला स्वतः जावे आणि क्षेत्रफळाचा नकाशा सोबत न्यावा. त्यानंतर न्यायालयात अपील करता येते, पण अपील दाखल होण्यासाठी वादग्रस्त रक्कम आधी भरावी लागते. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कोणत्याही मुदत ठेवीवर एवढे व्याज मिळत नाही. त्यानंतर मागणीची नोटीस, जप्तीचे अधिपत्र आणि शेवटी घराचा लिलाव अशी पायरी चढत जाते. रक्कम ‘हरकत राखून’ भरावी, तसे पत्र त्याच दिवशी कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. निकाल बाजूने लागल्यास जादा रक्कम परत मिळते किंवा पुढील बिलांत वळती होते, आणि तोपर्यंत शास्तीचे मीटर बंद राहते.